कुलपाची फाइल

अहिरे सरांचा मेल उघडत नव्हता. म्हणजे त्यांचा नव्हे, बायकोचा. वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्या तासाआधी सर त्यांचा मेल उघडून बसतात, हे आम्हाला माहीत होतं. कोणी विचारत नसे. पासवर्ड सरांना कधीच ठाऊक नव्हता, तो ब्राउझरच्या लक्षात होता. वहिनींचा मोबाइल नंबर तर केव्हाच बंद झालेला, त्यामुळे ओटीपी मागवून नवा पासवर्ड घेणंही शक्य नव्हतं.

नाशिकच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. आमच्याकडे प्रत्येकाची होम डिरेक्टरी, म्हणजे फायलींचं घर, एकाच सर्व्हरवर असते. कुठल्याही लिनक्स मशिनवर लॉगिन करा, घर तेच. ब्राउझरचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड वगैरे, त्याच घरात. ते एका वेळी एकाच मशिननं वापरायचं, म्हणून ब्राउझर तिथे कुलपाची एक फाइल ठेवतो.

आता आमच्या स्टाफची खोड. लायब्ररीतलं एसीजवळचं मशीन अडवायला ब्राउझर उघडा ठेवून, स्क्रीन लॉक करून लेक्चरला जायचं. एसटीत रुमाल टाकावा तसं. मग डिपार्टमेंटमधल्या मशिनवर ‘ब्राउझर आधीच चालू आहे’ असा मेसेज आला की ती कुलपाची फाइल डिलीट करायची. ही युक्ती स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटवलेली होती. मी फाडली की परत लागायची.

सरांनीही तेच केलं. दोन मशिनं एकाच प्रोफाइलमध्ये लिहीत बसली. पासवर्ड तिथेच राहिला, पण तो उलगडणारी किल्लीची फाइल बिघडली.

“बॅकअप असेल ना?” एचओडींनी विचारलं.

“ब्राउझरचे फोल्डर तुम्हीच बॅकअपमधून काढायला लावले होते, सर. जागा पुरत नाही म्हणून.”

मला त्यांचा राग आला, पण त्याचा उपयोग काय?

सुचेल ते सगळं करून पाहिलं. सर शेजारी बसून होते. शेवटी सांगावंच लागलं, “नाही होणार, सर.”

“जुनं काही वाचायचं नव्हतं हो,” ते म्हणाले. “साड्यांच्या जाहिराती येतात, भिशीच्या ग्रुपचे निरोप येतात. तिच्या नावानं अजून काहीतरी येतंय, एवढंच बघायचो.”

मग प्रत्येक मशिनसाठी वेगळं प्रोफाइल लावायला मंजुरी मिळाली. छोटीशी स्क्रिप्ट. आधी मागितली तेव्हा गरज वाटली नव्हती. आमच्याकडे कोणाचं तरी काही गेल्याशिवाय सुधारणा मंजूर होत नाही.

सर अजूनही सकाळी लॉगिनचं पान उघडतात. वहिनींचा पत्ता आपोआप येतो, तेवढी फाइल वाचली. खालची पासवर्डची चौकट रिकामी असते. थोडा वेळ बसतात आणि तासाला जातात.