चार पानं

नवरा ओसरीवर ओकत होता. बनियन घामानं ओलंचिंब, हात थरथरत होते, अंग थंडगार. मला वाटलं, हा आता जातो. आणि त्याची ही गत मीच केली होती.

त्याच्या अंडात पाणी भरलं होतं. चांगलं नारळाएवढं. आमच्या धानाच्या गावांत हे काही नवीन नाही. माणसं ढगळ लुंगी नेसतात आणि गप्प राहतात. तीन वर्षांपासून त्याला सायकलवर बसता येत नव्हतं. दवाखान्यात कापतात आणि मग माणूस कामातून जातो, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. मग मी आमच्या माहेरी करतात तेच केलं. तंबाखूचं अख्खं पान कोमट पाण्यात भिजवायचं, एरंडीचं तेल लावायचं आणि सुजेवर घट्ट बांधायचं. एक पान बांधतात. लवकर उतरावं म्हणून मी चार बांधली.

शेजाऱ्यानं ऑटो आणला. गोंडपिपरीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे लहानशी पोरगी. तिनं विचारलं, "यांनी काय खाल्लं?"

नवऱ्यानं माझा हात दाबला. "सांगू नोको. लोकं हासतीन."

"हासू द्या. मेल्यावर तुमाले आयकू येनार नाई," मी म्हटलं आणि त्याची लुंगी सोडली.

डॉक्टरनं कैचीनं फडकं कापलं, पानं काढली आणि साबण माझ्या हातात दिला. "धुवा, आजी. तंबाखूचं विष कातडीतून अंगात गेलंय. किती पानं होती?"

"चार."

तिनं लगेच त्याला सलाईन लावली. मी धूत राहिले. तिथली कातडी लाल झाली होती. इतक्या वर्षांत मी ती सूज उजेडात कधी पाहिली नव्हती.

दुपारी त्यानं पाणी मागितलं. घोटभर प्याला आणि म्हणाला, "तू तं मले मारूनच टाकत होती."

"हो. तुमी ऑपरेशनले गेले असते, तं मी कायले बांधलं असतं?"

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

संध्याकाळी डॉक्टरनं त्याला समजावलं. आता मोठं कापत नाहीत. दोन बोटांएवढी चीर देतात, पाणी काढतात, ते पुन्हा भरू नये म्हणून आतली पिशवी नीट करतात. बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. त्यानं एकच विचारलं, "मंग पोतं उचलता येईन?"

"महिनाभर नाही. नंतर उचला."

अंग सावरल्यावर तो ऑपरेशनसाठी चंद्रपूरला गेला. कमरेखालचं बधिर केलं होतं, त्यामुळे तो जागाच होता. नंतर टाके त्याला दिसत नव्हते, म्हणून मलाच बघायला लावलं. चार होते. आठवडाभर घट्ट चड्डी घालून बसला आणि माझ्यावर खेकसत राहिला. मी माफी मागितली नाही. त्यानंही तो विषय काढला नाही.

तो वाचला.