मक्यात टांगलेला अल्बम

ताई गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी मिळेल त्या एसटीनं निघाले. मी एरवी फार बोलत नाही. पण गेले सहा आठवडे हातकणंगल्याला मामांकडे येणारा प्रत्येक पाहुणा "अश्विनीला घराची लई ओढ हुती, कुठं जायाचं नाव न्हाय" असं म्हणतो, मामा मान डोलावतात, आणि माझं डोकं फिरतं.

अश्विनीताई माझी मामेबहीण. एमआयडीसीतल्या कारखान्यात सुटे भाग तपासायची. तिथला एक जपानी इंजिनिअर परत जाताना तिला एक सीडी देऊन गेला. तिकडच्या एका रॉक बँडचा संथ प्रेमगीतांचा अल्बम. त्याआधी त्यांना कुणी विचारत नव्हतं, या अल्बमनं ते घराघरात पोचले. अक्षरही कळत नसताना ताईनं तो इतका ऐकला, की शेवटी त्यासाठी जपानी शिकली. गाण्यांचं कोल्हापुरी करून मला सांगायची, "तू येणार न्हाईस, ठावं हाय. तरी कडी लावली न्हाय." वर टोमणा, "तुम्ही इंग्लिश मिडियमवाली 'मिस यू' म्हणून मोकळी. ह्या बाबाला तेवढंच म्हणायला पाच मिनिटं लागत्यात बघ."

ती जपानीची परीक्षा पास झाली. ओसाकात दुभाष्याची नोकरी ठरली. मामांनी पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केला. "एकटी पोरगी तिकडं? लोकं तोंडात श्यान घालतील." ताई पुन्हा सुटे भाग तपासू लागली... दोन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त झालं.

गेल्या रविवारी मामांच्या मक्यात ती सीडी दोऱ्याला टांगलेली दिसली. पाखरं चमकीला भितात म्हणून. मी दोरा तोडला.

"अगं, ऱ्हाऊ दे की. घरात वाजवाय मशीन कुठं हाय आता?" मामा म्हणाले.

"तिला जायचं होतं, मामा. तुम्ही जाऊ दिलं नाही."

"पावण्यांम्होरं आसलं बोलू नगंस."

शेतात आम्ही दोघंच होतो.

घरी आले तर मामी ताईच्या खोलीत स्टुलावर चढलेल्या. भिंतीवरचं घड्याळ साडेतीन तास पुढं होतं. "बिघडलंय बघ, कधीपासनं," त्या काटे फिरवायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला. ओसाकात तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि ते घड्याळ अगदी बरोबर चाललं होतं.