ऑइलपेंटचा देव

धुळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत भूगर्भशास्त्रात पीएचडी करणारे एक गृहस्थ राहत. दगड फोडायचा, भिंगातून बघायचा आणि चक्क चाटायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग. ओला केला की कण नीट दिसतात म्हणे! डोंगरात पुढच्या खेपेला फोडायच्या दगडावर त्यांनी लाल ऑइलपेंटने खूण केली होती. मी त्यांना लूनावरून तिथे नेलं, तर दगडापुढे फुलं, अगरबत्त्या आणि गावातले एक आबा बसलेले.

"आबा, याच्यावाचून माझा प्रबंध अडलाय हो," हे कळवळून म्हणाले.

"दगड तुमनाच शे भाऊ, पन आते देव व्हयी गया. हातोडी शे ना हातमा? मंग नारळ फोडा."

यांनी बूट काढले, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा भिंगाखाली धरला, जिभेला लावला आणि पहिल्यांदाच नमुना खाऊन टाकला.