पहिला तास आणि मुक्कामी गाडी

आमच्या तेरमध्ये रात्री मुक्कामाला येणारी एसटी पहाटे धाराशिवला निघते. स्टँडसमोर पहिलं घर आमचं. त्यामुळे ड्रायव्हर-कंडक्टरला सकाळचा चहा पाजण्याचा मान दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणी न देताच घेतला होता. गाडीवाले चहाशिवाय गेले तर गावाची अब्रू जाते, असं त्यांचं मत. चहाबरोबर गप्पा आल्या, गप्पांबरोबर दुसरा कप आला. प्रवासी गाडीत बसून राहायचे, कुणी हूं की चूं करायचं नाही.

मीही त्यातच बसलेली असायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी गणिताचा तास सगळ्यात आधी आला आणि तो रोज चुकायला लागला. वैतागून मी गणित सोडायचं ठरवलं. मार्क चांगले होते, एक विषय कमी झाला तर कुणाचं काय बिघडतंय?

ऑफिसातल्या बाईंनी माझा अर्ज घेतला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"शिष्यवृत्ती आहे ना तुला? मग विषय सोडलास की तू पूर्ण वेळची विद्यार्थिनी राहत नाहीस. पुढच्या वर्षी अडेल."

"मग विषय ठेवते. तासाला तेवढं येत नाही."

"हजेरी भरली नाही तरी तेच."

शिष्यवृत्ती होती म्हणून मी कॉलेजात होते. ती गेली की मी घरी, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मी घाबरले. संध्याकाळी घरी सगळं सांगून टाकलं. दादा तापले, ते एसटीवर.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर ओसरीवर चहा पीत असतानाच त्यांनी तोंड सोडलं. "तुमची गाडी रोज उशिरा पोचायली. पोरीचं कालिज सुटायची येळ आली."

कंडक्टरनं बशी खाली ठेवली. "दादा, गाडी लई आधी तयार असती. पर दुसरा कप घेतल्याबिगर उठलो तर तुम्ही रागावता."

आतून आई म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. पोरगी इषय सोडणार न्हाय. तुम्हीच चहा सोडा."

मला हसू आलं, आणि दादांचं तोंड बघून लगेच वाईटही वाटलं.

चहा काही त्यांनी सोडला नाही. जन्मात कधी गॅस न पेटवलेले दादा सगळ्यांच्या आधी उठून स्वतः चहा करायला लागले. किटली घेऊन गाडीपाशी जायचे. एकेक कप, तोही उभ्याउभ्या, आणि लगेच, "निघा आता." सांगायला त्यांच्याकडं पुष्कळ असायचं, ते तसंच घेऊन घरी यायचे. गाडी वेळेवर सुटायची. मी गणिताला पोचायची.

पुढच्या वर्षीही शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजची शेवटची परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दादा माझ्या अंथरुणाशी येऊन उभे राहिले. मला काही विचारायची त्यांना सवय नव्हती.

"आज गाडीनं जायचं न्हाय ना तुला?"

"न्हाय, दादा."

"मग आज त्यांना ओसरीवर बोलवू का?"

मी उठून बसले. "बोलवा की," मी म्हणाले, "अन् दुसरा कपबी द्या."