वीस मिनिटं आधीची घंटा

धुळ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो तेव्हा नववीच्या पुस्तकात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा होता. इंग्रजांना स्वतःची माणसं पुरेनात, म्हणून त्यांनी जर्मन राजांकडून भाड्याने फौज आणली, एवढी दीड ओळ त्यात होती. त्या दीड ओळीवर मी दहा वर्षं वर्ग हसवला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकन फौज येऊन थडकते आणि हे झिंगलेले भाडोत्री जर्मन एक बूट पायात, एक हातात, असे पळत सुटतात. मी माझी वहाण हातात घेऊन खुर्चीभोवती लंगडत पळायचो. झिंगल्याचं आणि बुटाचं पुस्तकात कुठेच नव्हतं, ते माझ्या पदरचं. पण जेवणाच्या सुट्टीनंतर साठ पोरं जागी ठेवायची तर काहीतरी करावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर पोरांपेक्षा मलाच जास्त कंटाळा आलेला असायचा.

शाळेत एकच शिपाई होते, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. सोनगीरकडचे, तरुणपणी इंग्रजांच्या पलटणीत होते. व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारून ते घंटा द्यायचे. ती घंटा कधी मिनिटभर पुढेमागे झाली नाही. मुख्याध्यापक आपलं घड्याळ तिच्यावर लावत. नानांना सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून कसला अर्ज करायचा असला की कागद घेऊन ते माझ्याकडे येत.

एका हिवाळ्यात ते कागद न घेता आले.

"गुरुजी, यंदा मनी पोर तुमना वर्गमा शे."

"माहीत आहे की. हुशार आहे तुमची मुलगी."

"तो जर्मन लोकेसना धडा शिकाडा, पन यंदा हसाडू नका."

मला काही कळेना. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण घरी यायच्याऐवजी जावा बेटावर गेली. तिथले लोक डचांचं राज्य नको म्हणून उठले होते, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडायला इंग्रजांनी यांना उभं केलं.

"आमनं त्यास्नासंगे काय वैर व्हतं? पन आमले कोन इचारं?" नाना म्हणाले. "मी घरमा सांगेल नही. पोर आज हसी, आनि उद्या तिले समजी, बाप बी तसाच व्हता."

"बरं नाना, नाही हसवत," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

धड्याच्या दिवशी दोन शिक्षक रजेवर होते आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले होते. नववीवर गेलो तेव्हा घसा बसलेला, पाय भरून आलेले. मी धडा नुसता वाचत होतो आणि वर्ग पेंगत होता. जर्मनांची ओळ आली तसा मागून एकजण ओरडला, "गुरुजी, ते बुटाचं करा ना!" मोठ्या भावंडांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणून पुन्हा वर्ग शांत करण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं; त्यापेक्षा वहाण हातात घेणं सोपं होतं. वर्ग खदखदून हसला. पहिल्या बाकावर नानांची मुलगी ओंजळीत तोंड लपवून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि घंटा झाली. तास संपून छोटी सुट्टी व्हायला अजून वीस मिनिटं होती. सगळे वर्ग भसाभसा बाहेर पडले, शाळाभर गोंधळ उडाला. मी वहाण हातात धरून तसाच उभा. खिडकीतून नाना दिसले, हातोडी खाली ठेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. मी जाऊन खरं सांगू शकलो असतो. पण मग नानांचं जावाचं सगळं बाहेर येईल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. शाळा सुटल्यावर नाना कागद घेऊन नेहमीसारखे माझ्यासमोर उभे राहिले.

"काय लिहू?" मी विचारलं.

"घड्याळना काटा दिसना नही, अस लिखी द्या."

काट्याचं लिहून झाल्यावर मी पुढे माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, "माझ्या हातून चूक झाली. त्याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही." मग ते वाचून दाखवलं. नानांनी मान हलवली आणि खाली सही केली.