डावीकडचं दार

अर्धवट काम पाहिलं की माझं डोकं फिरतं. अंबडच्या कारखान्यात आयुष्यभर पत्रा ठोकला, त्यामुळे काकांची गाडी पहिल्यांदा खरवडली तेव्हा मी शिव्याच घातल्या. गंजलेल्या भोकांत कागदाचे बोळे, वरून तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर बोटभर पुट्टी आणि त्यावर झकास लाल रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा.

फुलांच्या धंद्यात बरकत आली तेव्हा काकांनी तरुणपणी ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार हौसेने घेतली होती. झेंडूची पाटीसुद्धा मावत नाही, ही कसली गाडी, म्हणून अख्ख्या वस्तीने हसून घेतलं. काका मात्र काकूला शेजारी बसवून मजेत हिंडायचे. काकू त्याच गाडीच्या अपघातात गेली. मी लहान होतो, त्यापुढचं मला कुणी सांगितलं नाही. गाडी शेडमध्ये गेली ती तिथेच राहिली.

गेल्या थंडीत काकांनी बोलावून घेतलं. डोळे अधू, पाय थकलेले.

"लेका, एकदा चालू करून दे. तिच्यात बसून गंगेच्या घाटापर्यंत जाऊन यायचंय. फकस्त डावीकडचं दार खोलू नको. जसं हाय तसं राहू दे."

म्हाताऱ्या माणसाचं खूळ, असं समजून मी मान हलवली.

कामाला लागलो आणि एक गोष्ट खटकली. नाशिकची थंडी, सकाळी पाना हातात धरवत नसे. उजवी सीट बर्फ. डावी मात्र कोमट, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर असते तशी. मी कारणं शोधली. ऊन तिथवर पोचत नव्हतं, बॅटरी काढून ठेवलेली होती. शेडमधली मांजर अंग आखडून गार सीटवर झोपायची, पण डावीकडे फिरकायची नाही. मला भीती वाटली, सरळच सांगतो. मग मी त्या सीटला हात लावायचंच सोडून दिलं.

शेवटी दार तेवढं राहिलं. आतून वेडंवाकडं वेल्डिंग मारून ते चौकटीला कायमचं जोडलेलं होतं. पाणी साचून तळाचा पत्रा भुगा झाला होता. सगळी गाडी चकाचक करून तेवढी घाण ठेवायची, हे माझ्याच्याने होईना. एका दुपारी काका झोपलेले पाहून मी ग्राइंडर लावला.

दार सुटलं आणि हळूहळू, आपलं आपण, पूर्ण उघडलं. वारा नव्हता. मांजर उठून बसली आणि तिची नजर दारापासून शेडच्या तोंडापर्यंत सावकाश सरकत गेली. मी खाली पाहिलं. दाराच्या पोकळीत, गंजाच्या भुग्यात, हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते.

दाराला नवा पत्रा आणि नवा खटका बसवला. रंग वाळल्यावर काकांना हात धरून आणलं. ते बसले. स्टिअरिंगला हातही न लावता त्यांनी शेजारच्या सीटवर तळवा टेकवला.

"गार पडली रे," ते म्हणाले. मग, "दार खोललंस?"

"सडलं होतं, काका."

ते तळव्याने सीट चाचपत राहिले.

"तवा त्याचा खटका ढिला व्हता. आज करू, उद्या करू म्हणत राह्यलो. हरसूलच्या रस्त्याला वळणावर दार उघडलं अन् ती पडली. मंग मीच वेल्डिंग मारलं. म्हटलं, आता नाय पडायची. संध्याकाळी येऊन बसायचो. सीट कायम उबदार असायची."

मी डावीकडच्या उघड्या दारापाशी गेलो. विचारलं, "दार लावू का?"

"नको. उघडंच ठेव. परत आली तर बाहेर उभं राहायला नको तिला."

गाडी एका चावीत चालू होते, पण गंगेवर गेलेली नाही. काका रोज संध्याकाळी उजव्या सीटवर जाऊन बसतात. शेडच्या तोंडातून येणारी पावसाची झड उघड्या दारातून आत जाते, आणि मी बसवलेल्या पत्र्याला गंज धरायला लागलाय. तो मला लांबूनसुद्धा दिसतो. मी त्याला हात लावत नाही.