मामाजींची झील

आमच्या मामाजींनी उभ्या जन्मात माईकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हटलं नाही. माईक हातात आला की ते विचारायचे, "जेवले का जी सारे?" मग त्यांच्या मशिनीमुळं तोच प्रश्न भोंग्यातून पुन्हा यायचा, आणि पुन्हा, दर वेळी जरा दबून. मांडव लग्नाचा असो की शाळेच्या गॅदरिंगचा, पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या ओट्यावरून उत्तर द्यायच्या, की जेवलो बावा, आता तुम्ही जेवा. एका महागाईच्या साली एका पुढाऱ्याच्या सभेतही त्यांनी हेच विचारलं. पुढारी लालबुंद. लोकांना काय उपाशी ठरवता का, म्हणाले. मामाजी वायर गुंडाळत शांतपणे म्हणाले, "मी तं विचारून राह्यलो जी. सांगाचं तुम्ही." पुढाऱ्याच्या भाषणाला मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या ह्या वाक्याला मिळाल्या, आणि पुढच्या खेपेला त्यानं लाऊडस्पीकर दुसऱ्याकडून बोलावला.

नाचणगाव, पुलगाव आणि आसपासच्या खेड्यांत त्यांना सगळे एकोवाले म्हणत. मी त्यांची सून, म्हणून माझे ते मामाजी. गिरणीत वायरमन होते आणि सुट्टी झाली की लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. भोंगे तर तेव्हा गावोगाव होते, पण आवाज घुमवून देणारा माणूस आमच्या भागात हा एकच. नागपूरच्या कुठल्याशा लिलावातून त्यांनी रिळांचे दोन टेपरेकॉर्डर आणले होते, एकेक ट्रंकेएवढा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझी आई आष्टीहून घर पाहायला आली, तेव्हा ही दोन्ही धुडं समोरच्या खोलीत मांडलेली होती. वरची गोल गोल रिळं पाहून आईनं मला नंतर हळूच विचारलं, की त्या घरात एवढ्या मोठ्या शेगड्या कायले लागतात. मी लग्नाआधीच त्या घरावर हसले आणि हसत हसतच तिथं नांदायला गेले.

एको म्हणजे काय, हे मामाजींनी मला पोळ्या लाटता लाटता बोलावून नेऊन शिकवलं. दोन बाजा शेजारी शेजारी मांडायच्या. डाव्या बाजेवर एक मशीन, उजवीवर दुसरी. फीत डावीकडच्या रिळातून निघणार, पण तिथंच गुंडाळली न जाता मधल्या मोकळ्या जागेतून थेट उजवीकडच्या मशिनीत जाणार. आपण बोललो की डावी मशीन ते फितीवर उतरवून घेणार. फीत सरकत सरकत उजवीकडं पोचली की ती मशीन तेच भोंग्यातून म्हणून दाखवणार. वाटेत जेवढा वेळ गेला तेवढ्या उशिरानं आपलाच आवाज आपल्याकडं परत. उशीर वाढवायचा तर उजवी बाज लांब सरकवा, कमी करायचा तर जवळ घ्या. बस, एवढंच शास्त्र. "आवाज पायी चालत येते," मामाजी म्हणायचे, "लांबून याले टाइम लागनच." बाजा ओढून ओढून आमच्या सारवलेल्या जमिनीला चाकोऱ्या पडल्या होत्या. त्यात फीत वाऱ्यानं फडफडली तर आवाज थरथरतो, म्हणून पंखा बंद. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसवणाऱ्या माणसावर माया करणं सोपं नाही. पण आम्ही केली.

मशिनीचे लाडही काही कमी नव्हते. फीत जिथं घासून जाते ते हेड ते रोज पुसायचे, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं. कापूस दुकानातला चालायचा नाही. वाफगावच्या मामेभावाच्या शेतातला, स्वतः सरकी काढलेला हवा. दुकानातल्या कापसाला तंतू सुटतात म्हणे. मी एकदा म्हटलं, मामाजी, एवढी निगा तुम्ही माझ्या नवऱ्याची लहानपणी केली असती तर तो जरा सरळ निघाला असता. त्यावर ते इतके हसले, की हातातला कापूस खाली पडला आणि तो पुन्हा वापरायचा नाही म्हणून फेकून द्यावा लागला.

त्यांचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे "मागचा येऊ द्या". कुणाचं भाषण संपो, गाणं संपो, लोक उठायला लागले तरी मामाजी बटन बंद करायचे नाहीत. डावीकडून शेवटचा शब्द निघाला की तो उजवीकडून येऊन संपेपर्यंत हात वर करून उभे राहायचे. मधेच तोडलेला आवाज त्यांना अपमानासारखा लागायचा. हाच नेम त्यांनी घरातही लावला. माझं आणि ह्यांचं भांडण जुंपलं, मी चार गोष्टी सुनावून तरातरा चुलीकडं निघाले, की मामाजी दारात आडवे. तुझं झालं, आता मागचा येऊ दे, त्यालेही बोलू दे. राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण ह्यांचं ऐकून घेतल्याशिवाय मला त्या घरात कधी चूल गाठता आली नाही.

फक्त एका रिळाला हा नेम लागू नव्हता. त्याला लाल दोरा बांधलेला असायचा. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, तर ते आत्याबाईंचं रीळ. मशिनी घरात आल्या त्या दिवशी वस्तीतल्या साऱ्या बाया आपापला आवाज ऐकायला गोळा झाल्या होत्या आणि पहिला मान आत्याबाईंचा. त्यांनी आपलं स्वतःचं गाणं म्हटलं होतं, "पाटी आली घरी गं बाई, पाटी आली घरी". ह्यांना शाळेत घातलं तेव्हा त्यांनीच ते रचलेलं, लांबलचक, सगळ्या घराण्याची हकिगत असलेलं. एप्रिलातल्या जयंतीला विहारापुढच्या मांडवात पहिलं गाणं तेच व्हायचं, दरवर्षी, बाकीच्या गाणाऱ्या पार्ट्या त्यानंतर. मामाजी कधीमधी दुपारी ते रीळ लावायचे. थोडं ऐकायचे आणि गाणं संपायच्या आतच खटकन बंद करायचे. मागचा येऊ द्या म्हणणारा माणूस इथं मात्र शेवटपर्यंत कधी थांबला नाही. आत्याबाई जिवंत असतानाही नाही. त्या चिडवायच्या, की पुढं मी काही तुम्हाले शिव्या नाई देल्या.

आणि एका हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. ताप आला म्हणता म्हणता गेल्या. त्यानंतर मामाजींनी ते रीळ लावलंच नाही. मशिनी पुसायचे, रिळावरची धूळ झटकायचे आणि पुन्हा फळीवर ठेवायचे. मार्च लागला तसा जयंतीचा विषय निघाला, आणि वस्तीतल्या पार्टीचे म्होरके घरी येऊन म्हणाले, की यंदा पहिलं गाणं आमची पार्टीच घेते, म्हातारीबरोबर ते गाणं गेलं म्हणा. ते लोक ओट्यावरून उतरले तसे मामाजी माझ्याकडं वळले.

"सूनबाई, तुले येते न ते गाणं?"

येत होतं. सगळं पाठ होतं. पण भांडी घासताना म्हणणं निराळं आणि साऱ्या पुलगाव-नाचणगावापुढं म्हणणं निराळं. माझा आवाज बारीक. त्यात ह्या गाण्याला झील लागते, म्हणजे गाणाऱ्यानं ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलून धरायची. आत्याबाईंच्या मागं पार्टीतले गडी झील धरायचे, कारण त्या साऱ्या वस्तीच्या आई होत्या. काल आलेल्या सुनेच्या मागं ते उभे राहीनात. कोणी तोंडावर नाही म्हटलं नाही, पण प्रत्येकाचा घसा त्याच आठवड्यात बसला. बायांना विचारलं तर त्यांना माईकचं भ्या. मी मामाजींना सांगून टाकलं, की जाऊ द्या, बिना झिलीचं हे गाणं उभं राहत नाही. मला वाईट वाटत होतं, आणि सुटले असंही वाटत होतं.

मामाजींनी बाजा मांडल्या. पंखा बंद केला. म्हणाले, म्हण. मी एक ओळ म्हणायला घेतली. ती संपायच्या आतच भोंग्यातून माझीच ओळ आली, माझ्या आवाजावर चढून. त्यांनी उजवी बाज जरा मागं ओढली. पुन्हा म्हण. पुन्हा ओढली. असं करत करत दोन-अडीच हातांवर बाज गेली, आणि मी ओळ संपवून श्वास घेतला त्याच क्षणी भोंग्यानं ती ओळ उचलली. झील! माझ्याच आवाजाची, पण झील. मला हसूच आलं.

मात्र एक खोड जाईना. मागून आवाज आला की मी थांबायची. तो नीट येतो की नाही हे ऐकत बसायची, तोवर पुढची ओळ चुकायची. ढोलकीवर बसलेला शेजारचा दीर वैतागला. आठवडाभर हेच. मामाजी मात्र एकदाही चिडले नाहीत. शेवटी माझ्यापुढं उकिडवे बसले.

"त्याच्यासाठी काऊन थांबते? तो येतेच मागून. तू पुढं चाल, तं त्याले याले रस्ता भेटन."

एवढ्या साध्या वाक्यानं माझं गाणं मार्गी लागलं. मागं काय येतंय ते ऐकायचं, पण पाय थांबवायचे नाहीत. आयुष्यात पुढं कितीतरी ठिकाणी मला हेच कामी आलं.

जयंतीचा दिवस उजाडला तोच भट्टीसारखा. मामाजींची फीत जुनी, ठिकठिकाणी तुटलेली आणि चिकटपट्टीनं जोडलेली. मांडवात ऊन उतरायच्या वेळी त्यांनी मशिनी सुरू केल्या आणि जोड सुटायला लागले. गरमीनं गोंदच पातळ झाला होता. एक रीळ गेलं, दुसरं गेलं. समोर माणसं बसलेली, पार्टीचे गडी कोपऱ्यात पान चघळत मजा पाहत होते. म्होरक्यानं हार्मोनियम पुढं सरकवलीसुद्धा. मामाजींनी पिशवीत हात घातला आणि लाल दोऱ्याचं रीळ काढलं. घरात बिना जोडाचं ते एकच होतं.

डावी मशीन नवा आवाज उतरवताना आधीचा पुसून टाकते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी जितकं गाणार तितक्या आत्याबाई जाणार होत्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मामाजी, हे नका लावू. मी नाही गात.

"काम तिचंच होय," ते म्हणाले. "तिचंच रीळ लागन." आणि दोरा सोडून खिशात घातला.

मी गायले. कशी गायले ते मला सांगता येणार नाही. पहिली ओळ गेली, आणि तिची झील आली तेव्हा मांडवात कुजबुज झाली, की मागं कोण आहे. दुसऱ्या कडव्याला बायांनी टाळ्या धरल्या. मी झिलीसाठी थांबले नाही. डोळ्यांपुढं ती फीत दिसत होती, डावीकडून उजवीकडं सरकणारी, आणि मला कळत होतं की तिथं एकीचं पुसून दुसरीचं लिहिलं जातंय. तरी मी ओळ सोडली नाही. मी शेवटचं "पाटी आली घरी" म्हटलं आणि हात जोडले.

मामाजींनी डाव्या मशिनीचं बटन सोडलं. उजवी तशीच चालू ठेवली आणि सवयीनं हात वर केला. मागचा येऊ द्या. माझी शेवटची ओळ भोंग्यातून आली आणि संपली. जरा वेळ नुसती खरखर. मामाजींचा हात खाली यायला हवा होता, पण तो वरच राहिला. फितीचा पुढचा भाग पुसला गेला नव्हता. त्यातून आत्याबाईंचा आवाज आला, स्वच्छ, जरा दमलेला, त्या जुन्या दिवशी ओळीत बसलेल्या बायांना उद्देशून बोललेला.

"झालं माह्यं. आता दुसरीले म्हणू द्या."

वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी आवाज ओळखला आणि पदर डोळ्यांना लावले. मामाजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. हे वाक्य तिथं आहे हे एवढी वर्षं त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. थोड्या वेळानं पार्टीचे म्होरके उठून आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि पुढच्या साली झील आम्ही धरू म्हणाले. मामाजी म्हणाले, उशीर झाला जी, आता झील ठरली.

पुढच्या साली माझ्यामागं वस्तीतल्या बायाच उभ्या राहिल्या, माईकचं भ्या विसरून. त्यानंतर मशिनींची गरजच पडली नाही. ऐंशीच्या आसपास कॅसेटी आल्या, मग बटन फिरवलं की आवाज घुमवणारी लहानशी पेटी आली. मामाजींनी ती उलटीसुलटी करून पाहिली, माईकमध्ये "जेवले का जी सारे?" विचारलं, आणि पेटीनं ते पुन्हा विचारल्यावर समाधानानं मान हलवली. बाजा सरकवाव्या लागत नाहीत, पंखा चालतो, ह्याचं त्यांना माझ्याइतकंच सुख झालं. त्यांच्या शेवटच्या जयंतीला ते खुर्चीवर पुढंच बसले होते, पार्टीच्या गड्यांना सुपारी कातरून देत. त्या पावसाळ्यात ते गेले. खिशात लाल दोरा सापडला, तो मी परत रिळाला बांधला.

आता पहिलं गाणं मी अर्धंच म्हणते. दम पुरत नाही. उरलेलं शेजारच्या दिराची नात म्हणते, आवाज बारीक आहे, घाबरते, मागं वळून वळून पाहते. मी तिला पुढं चाल म्हणून सांगून ठेवलं आहे. मग माईक तिच्या हातात देते आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणते, "झालं माह्यं. आता दुसरीले म्हणू द्या."